फास्टॅगचा बॅलन्स आधी शून्य का दिसतो? उर्से टोलनाक्यावर समजलेली गोष्ट

पुण्याहून एक्सप्रेसवेने मुंबईला निघालं की उर्से टोलनाका लागतो. एमएसआरडीसीच्या नाक्यांवर 1 एप्रिल 2025 पासून फास्टॅग सक्तीचा आहे. टॅग नसेल तर दुप्पट टोल. त्यामुळे नाका जवळ आला की गाडीतलं कोणीतरी मोबाईल काढून बॅलन्स बघतंच.

मागच्या महिन्यात ते काम माझ्याकडे होतं. बाबा गाडी चालवत होते. ॲप उघडलं तर लाल अक्षरांत '0 रुपये, लगेच रिचार्ज करा'. घाईघाईत 500 रुपये भरले. परत येऊन बघतो तर शिल्लक 1,140! म्हणजे 640 आधीपासून होतेच. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर ना रे?"

पैसे बुडाले नाहीत, पण महिनाअखेरीला 500 रुपये अडकणं सगळ्यांनाच परवडत नाही. त्या ॲपचा कोड मी पाहिलेला नाही. पण अगदी अशीच चूक मी स्वतः क्यूएमएलमध्ये केली आहे, म्हणून अंदाज बांधतोय.

क्यूएमएल ही 2010 मध्ये क्यूटी 4.7 सोबत आलेली, स्क्रीन बनवायची भाषा. तिच्यात 'आधी हे कर, मग ते कर' असं लिहीत नाहीत. नातं लिहितात: 'शिल्लक टोलपेक्षा कमी असेल तर पट्टी लाल.' याला बाइंडिंग म्हणतात. शिल्लक बदलली की पट्टीचा रंग आपोआप बदलतो. अशा पद्धतीला डिक्लेरेटिव्ह म्हणतात.

गंमत इथे आहे. फाइलमध्ये शिल्लक वर आणि पट्टी खाली लिहिली, म्हणून आधी शिल्लकच तयार होईल याची हमी नाही. घटक तयार झाल्यावर चालणारे 'ऑनकम्प्लीटेड' हँडलर कोणत्या क्रमाने चालतील हे ठरलेलं नाही, असं क्यूटीच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय. त्यात आकड्याची मूळ किंमत शून्य असते आणि बँकेचं उत्तर नेटवरून उशिरा येतं. तोपर्यंत स्क्रीनला शून्यच खरा वाटतो.

हे फक्त क्यूएमएलचं नाही. अँड्रॉइडचं जेटपॅक कंपोज जुलै 2021 मध्ये 1.0 झालं. त्यातही स्क्रीनचे तुकडे कोणत्याही क्रमाने चालू शकतात, असा इशारा गूगलनेच दिलाय.

मग बिघडतं कुठे? खरा आकडा आला की बाइंडिंग रंग दुरुस्त करतं. पण शून्य बघून ॲपने 'रिचार्ज करा' अशी नोटिफिकेशन पाठवली असेल, तर ती परत घेता येत नाही. आणि माणसाने भरलेले पैसेही नाहीत.

आता यात भर पडली आहे. 15 ऑगस्ट 2025 पासून 200 फेऱ्यांचा वार्षिक पास मिळतो; सुरू झाला तेव्हा तो 3,000 रुपयांना होता. पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, आपल्या एक्सप्रेसवेवर चालत नाही. म्हणजे 'टोल कापला जाईल का?' याचं उत्तर द्यायला ॲपला पास, रस्ता आणि शिल्लक अशा तीन गोष्टी लागतात, आणि त्या वेगवेगळ्या वेळी येतात. तिन्ही येईपर्यंत खरं उत्तर एकच: 'अजून माहीत नाही.'

म्हणून ॲप बनवणाऱ्यांनो, 'शून्य' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या अवस्था ठेवा. क्यूएमएलमध्ये बाहेरून आलीच पाहिजे अशी किंमत 'रिक्वायर्ड प्रॉपर्टी' करा, क्यूटी 5.15 पासून ही सोय आहे. आणि खरा आकडा हातात आल्याशिवाय कोणाला घाबरवू नका.

आणि वापरणाऱ्यांनो, शून्य दिसला तर चार-पाच सेकंद थांबा, स्क्रीन खाली ओढून रिफ्रेश करा, टोल कापल्याचा शेवटचा मेसेज बघा. सगळ्यात बरं म्हणजे घरून निघतानाच बॅलन्स तपासा. मी आता तेच करतो. बाबा अजूनही दर वेळी विचारतात, "नक्की शून्य आहे ना?"