मीटर पुसा, आकडा नको

जुनी बुलेट, येझ्दी किंवा राजदूत नव्यासारखी करून विकणाऱ्यांमध्ये एक रीत पडली आहे. रंग, क्रोम, सीट झालं की मीटर कारीगराकडे जातो आणि सोबत निरोप जातो, 'चकाचक कर, आणि झिरो करून दे.' पहिल्या अर्ध्या निरोपाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्यावर मात्र भांडायचं आहे.

आधी पहिलं, कारण ते काम देखणं आहे. चाकाकडून किंवा गिअरबॉक्सकडून आलेली केबल मीटरच्या पोटातलं लोहचुंबक फिरवते. त्याच्या लगत ॲल्युमिनियमची एक छोटी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. तरीही फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो आपला वेग. म्हणून केबलला हौसेने टोकापर्यंत ग्रीस फासू नये. ते फिरत फिरत वर चढतं, वाटीत शिरतं आणि काटा भलतंच बोलू लागतो. मीटरकडची काही इंच केबल कोरडी असावी. आतल्या दांडीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

काचेभोवतीची पत्र्याची रिंग मागे दुमडलेली असते. ती गोल गोल फिरत, जराजराशी उचलायची. एकाच जागी जोर दिला की वाकली. तबकडीवर थिनर नको, पेट्रोल नको, काच पुसायचं पाणीही नको. छापलेली अक्षरं कापसाबरोबर निघून येतात. मऊ कोरडा ब्रश फिरवा, पिवळेपणा उरला तर उरू द्या. आणि जुन्या विलायती मीटरच्या आकड्यांवर चमकणाऱ्या रंगाचा जाड थर असेल, तर तो खरवडू नका, मीटर उघडूही नका. स्टिकरवाल्याचं 'रेडियम' नावापुरतं असतं, हे खरं असू शकतं. चमक विझली तरी किरणं थांबत नाहीत. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात.

आता झिरो. विकणारा म्हणतो, इंजिन नवं बांधलं, मग आकडा जुना कशाला? पण इंजिन म्हणजे अख्खी गाडी नव्हे. चासी तीच, हबही बहुधा तेच. शिवाय पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर आपोआप शून्यावर येतोच, म्हणजे जुना आकडाही पूर्ण खरा नाही, असाही युक्तिवाद होतो. मान्य. पण अपुरी साक्ष आणि खोटी साक्ष यांत फरक आहे. पाचवीतलं पोरही तो जाणतं.

आपल्याकडे यावर फार जुना निवाडा आहे. सहीह मुस्लिममध्ये प्रसंग येतो: पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, तर वर कोरडं आणि आत ओलं. पावसाने भिजलं, असं विक्रेता सांगतो. त्यांचा आक्षेप भिजण्यावर नव्हताच. ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, यावर होता. लपलेला ऐब नंतर उघड झाला तर सौदा मोडण्याचा जो हक्क गिऱ्हाइकाला मिळतो, त्याला फिक्हमध्ये 'खियार-ए-ऐब' असं नावच आहे. जुम्म्याला पहिल्या रांगेत बसणाऱ्या गाडी-दलालांना हे मी सांगावं असं नाही. पण मीटरला ते 'माल' धरत नाहीत, 'सजावट' धरतात. घोळ तिथे आहे.

मैलांच्या मीटरचंही तेच. नवी छापील तबकडी चिकटवली की काटा किलोमीटर दाखवतो, आतली आकड्यांची चाकं मात्र मैलच मोजत राहतात. पुढचा मालक त्यालाच किलोमीटर समजणार.

खराब मीटर बदलावाच लागतो, आकड्यांची चाकं झिजून निकामीही होतात. अशा वेळी शून्यावरून सुरुवात करायला माझी हरकत नाही. फक्त जुना आकडा आणि बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून आरसी बुकात ठेवावी, आणि गाडी दाखवताना ती चिठ्ठी आधी काढावी. मीटर उघडण्याआधी आकड्याचा मोबाइलवर एक फोटोही काढून ठेवावा. कारीगराने तो गिऱ्हाइकाला पाठवला, तर पुढे बोट त्याच्याकडेही उठणार नाही.