माळ्यावरची पेटी

भावाभावांतील हट्ट हा विषय एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास नवा नाहीं. वडील भावाचा हट्ट फळास आला म्हणजे आपण त्यास निष्ठा म्हणतों. न आला तर आडमुठेपणा म्हणून मोकळे होतों. परंतु ज्याचा हट्ट त्याच्या मरणानंतर नऊ वर्षांनीं फळास आला, त्या मनुष्यास काय म्हणावें? गेल्या सुटींत एका परदेशी माहितीपटानें हा प्रश्न आमच्या घरांत आणून टाकला, आणि त्यावर पंगतींत दोन दिवस वाद चालला. त्याचीच हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

माहितीपटाचें नांव 'अ बँड कॉल्ड डेथ'. मार्क कोव्हिनो व जेफ हाउलेट या दोघांनीं तो दिग्दर्शित केला असून २०१२ सालीं तो प्रथम दाखविला गेला. आमच्या नातवानें तो मोठ्या आग्रहानें लावला. नांवाचा अर्थ कळतांच घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं, "सणासुदीच्या दिवसांत हें काय काढलेंस?" म्हणून त्यास हटकलें, आणि वाद्यांचा पहिला गदारोळ उठतांच आम्हींही आवाज कमी करावयास सांगितलें. ही कबुली आधींच दिलेली बरी. पंक नांवाच्या संगीताशीं आमचें सूत जमलें नाहीं, व आतां या वयांत जमण्याचा संभवही नाहीं. ज्यांस तें ठाऊक नसेल त्यांच्याकरितां इतकेंच सांगतों कीं, आटोपशीर गाणें, धांवती लय, कर्कश गिटार आणि सत्ताधाऱ्यांवरील उघड राग ही त्याची खूण. न्यूयॉर्कचे रामोन्स व लंडनचे सेक्स पिस्टल्स या मंडळींनीं १९७६ च्या सुमारास तें जगापुढें आणलें, अशी सर्वसाधारण समजूत होती.

आतां मूळ कथा. डेट्रॉइट हें अमेरिकेंतील मोटारींच्या कारखान्यांकरितां प्रसिद्ध असलेलें शहर. तेथें हॅकनी नांवाच्या कृष्णवर्णीय कुटुंबांत डेव्हिड, डॅनिस व बॉबी हे भाऊ वाढले. या तिघांत डेव्हिड वडील. १९६४ सालीं बीटल्स हे इंग्रज गायक अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर प्रथम आले, तेव्हां वडिलांनीं मुलांस मुद्दाम समोर बसवून तो कार्यक्रम दाखविला. दुसऱ्याच दिवशीं डेव्हिडला गल्लींत कोणीं टाकून दिलेली गिटार सांपडली. ती घरीं आणून तो वाजवावयास शिकला. पाठोपाठ धाकटेही शिकले. १९७१ सालीं तिघांनीं मिळून मेळ उभा केला, व त्याची तालीम घरांतच चाले. तीन जवान मुलगे वाद्यें बडवीत आहेत आणि आई तें सोसते आहे, हें दृश्य पाहून आमच्या सूनबाई हातांतलें काम टाकून तेथेंच बसल्या.

त्या शहरांत कृष्णवर्णीय मुलांनीं गावें तें मोटाउन कंपनीच्या धर्तीचें, गोड व नाचास जोगें, असा रिवाज पडून गेला होता. ही मुलें द हू व अॅलिस कूपर अशा गोऱ्या मंडळींचें दणदणीत वादन ऐकून तिकडे वळलीं. तें गोऱ्यांचें संगीत, म्हणून शेजारीपाजारी हंसत. इतक्यांत वडील अपघातांत वारले. त्या दुःखांतून डेव्हिडच्या मनानें घेतलें कीं, मृत्यु म्हणजे केवळ अमंगळ नव्हे. तो जन्माइतकाच खरा, व त्याकडे निर्भयपणें पाहतां आलें पाहिजे. म्हणून मेळाचें नांव 'डेथ', म्हणजे मृत्यु, असें ठेवावयाचें. धाकट्यांस तें रुचलें नाहीं, पण वडील भावाचा शब्द त्यांनीं मानला. त्यानें एक चिन्हही काढलें होतें: त्रिकोणाच्या तीन टोंकांशीं तीन वर्तुळें, तीं आत्मा, मन व शरीर यांचीं, आणि बाहेर एक निराळें, तें ईश्वराचें.

ध्वनिमुद्रण कोठें करावें हें कळेना, तेव्हां डेव्हिडनें व्यवसायांच्या सूचीचें पान भिंतीस लावून त्यावर बाण फेंकला, व तो ज्या नांवावर बसला त्या ग्रूव्हजव्हिल नामक संस्थेकडे तिघे गेले. १९७५ मध्यें युनायटेड साउंड या ध्वनिमुद्रणगृहांत त्यांचीं सात गाणीं मुद्रित झालीं. क्लाइव्ह डेव्हिस हे त्या व्यवसायांतील मोठें प्रस्थ. त्यांस गाणीं आवडलीं. परंतु नांव बदला, ही अट पडली. डेव्हिडनें साफ नाकारलें. आज नांव दिलें तर उद्यां सर्वच द्यावें लागेल, असा त्याचा हिशेब. करार फिसकटला. १९७६ सालीं भावांनीं दोन गाण्यांच्या एका तबकडीच्या पांचशें प्रती स्वतःच काढल्या. रेडिओवाल्यांनीं ती फारशी वाजविली नाहीं, आणि वर्षभरांत मेळ मोडला.

पुढें तिघे व्हर्माँट या ईशान्येकडील डोंगराळ संस्थानांत गेले. तेथें नांव बदलून त्यांनीं ख्रिस्ती भक्तिपर गीतांच्या दोन तबकड्या काढल्या. १९८२ सालीं डेव्हिड डेट्रॉइटला परतला. धाकटे तेथेंच राहिले. संसार केले, मुलें वाढविलीं, रेगे नांवाचें जमैकाचें संगीत वाजवूं लागले. मृत्यूपूर्वीं डेव्हिडनें मूळ ध्वनिफितींची पेटी बॉबीच्या स्वाधीन केली व बजावलें कीं, जग एक दिवस हिचा शोध करीत येईल, तेव्हां ती तुझ्यापाशीं असूं दे. २००० सालीं तो फुप्फुसाच्या कर्करोगानें वारला. पेटी माळ्यावर गेली. बॉबीनें आपल्या मुलांस ही गोष्ट सांगितलीसुद्धां नाहीं. जुनें अपयश कोण उगाळीत बसतो?

इकडे त्या पांचशें तबकड्यांपैकीं कांहीं जुन्या वस्तूंच्या शोधकांच्या हातीं लागल्या होत्या, व एकेका प्रतीस शेंकडों डॉलर मोजले जात होते. २००८ मध्यें बॉबीच्या कॅलिफोर्नियांतील मुलाच्या कानीं तीं गाणीं पडलीं, आणि त्यानें बापाचा आवाज ओळखला! पेटी खालीं आली. २००९ सालीं शिकागोच्या ड्रॅग सिटी कंपनीनें तीं सातही गाणीं प्रसिद्ध केलीं, व पंकचा इतिहास लिहिणारांस आपल्या पानांवर दुरुस्ती करावी लागली. बॉबीच्या मुलांनीं बापा-काकांचीं गाणीं गाण्याकरितां स्वतःचा मेळ काढला, आणि वृद्धत्वाकडे झुकलेले दोघे भाऊ पुन्हां रंगमंचावर उभे राहिले. डेव्हिडच्या जागीं दुसरा वादक होता.

नांवाविषयीं आमचें मत वाचकांस चमत्कारिक वाटेल. मृत्यूचें नांव उच्चारूं नये अशी आपल्या घरांत चाल आहे खरी. परंतु मुलें जगत नसलीं तर पुढच्या मुलाचें नांव धोंडू किंवा दगडू ठेवून काळास चकविण्याची चालही आपलीच. आणि कठोपनिषदांत नचिकेता ज्ञान मागतो तें यमापाशींच. तेव्हां बापाच्या मरणानें पोळलेल्या तरुणानें त्या शब्दाकडे डोळे वर करून पाहिलें, यांत आम्हांस पोरकटपणा दिसत नाहीं.

पंगतींतील वाद निराळाच होता. आमच्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, डेव्हिडनें स्वतःच्या तत्त्वापायीं धाकट्या दोघांचेंही नुकसान केलें. त्यांस कोणीं विचारलें? आक्षेप खरा आहे. वडील भावाचें तत्त्व पुष्कळदां धाकट्यांच्या खर्चानें पाळलें जातें, हें एकत्र कुटुंबांतील माणसांस आम्हीं सांगावें असें नाहीं. नातवाचें म्हणणें कीं, अखेर तोच खरा ठरला. पण खरा ठरला नसता तर? पेटी ओलीनें कुजली असती, तर त्याच्या भविष्यवाणीस कोणीं विचारलें असतें? भवभूतीनेंही आपल्या नाटकाचा खरा जाणता पुढें केव्हां तरी जन्मास येईल, अशी आशा बोलून दाखविली. परंतु तो जाणता जन्मेपर्यंत पोथीची नक्कल करीत राहिलेल्या निनावी लेखकांमुळेंच ती आशा खरी झाली. म्हणून आम्हांस या कथेंत बॉबी अधिक मोठा वाटतो. जग येईल यावर त्याचा विश्वास होता असें दिसत नाहीं. भावानें ठेव दिली, म्हणून त्यानें ती सांभाळली.

हें लिहितांना लाज वाटते, तरी लिहितों. आमच्या वडील बंधूंनीं कीर्तनाकरितां रचलेल्या पदांच्या वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेंत होत्या. जातांना त्यांनीं ती आम्हांस दाखवून, "असूं दे," एवढेंच म्हटलें होतें. वाडा पाडावयाचा ठरला त्या घाईंत आम्हीं ती न उघडतांच रद्दीवाल्यास दिली. पदें चांगलीं होतीं कीं सामान्य, हें आतां कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. वहिनींस बरींच पाठ होतीं. त्याही चार वर्षांपूर्वीं गेल्या.

माहितीपट संपल्यावर नातवानें विचारलें, "आजोबा, तुम्हांला त्यांतलीं किती आठवतात?" रात्रीं बसून आठवलीं. तीन पुरीं निघालीं, चौथ्याचें धृपद तेवढें आठवलें. तीं त्यानें आमच्याकडून म्हणवून मुद्रित करून घेतलीं आहेत व सूनबाईंनीं स्वच्छ अक्षरांत उतरवून ठेविलीं आहेत. ज्यांच्या घरीं माळ्यावर अशी एखादी पेटी अजून असेल, त्यांनीं दिवाळीच्या साफसफाईपूर्वीं ती एकदां उघडून पाहावी, आणि आंत कोणाचें काय आहे तें एका कागदावर लिहून वर चिकटवावें, इतकीच आमची विनंती.