औषधाबरोबर सल्लाही हक्काचा



लहान मुलाचे औषध त्याच्या वजनावर ठरते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असते. 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपमध्ये एका मिलिलिटरला फक्त 25. नाव एकच, फरक चौपट! घरातले चमचेही एका मापाचे नसतात. रात्रपाळी करून आलेल्या ट्रॅकमनला किंवा पोस्टमनला हे समजावून सांगणे फार्मासिस्टचे काम आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला सल्ला देणे ही त्याची जबाबदारी ठरवली आहे.

पण सरकारी विमा या कामाचे मोल जाणत नाही. 2018 साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयात भरती झाल्यावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार देते, घरी सोडल्यावर 15 दिवसांची औषधेही देते. दम्याच्या किंवा फिटच्या मुलाला मात्र वर्षानुवर्षे घरीच औषध घ्यावे लागते. त्याचे काय?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 2006 पासून मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विम्यातून फार्मासिस्टच्या अशा सल्ल्याचे पैसे देणे सुरू केले. तेथे जमले, येथे का जमू नये?

आपली मागणी स्पष्ट आहे. रेल्वे रुग्णालये व केंद्रीय आरोग्य योजनेचे दवाखाने येथे मुलांच्या औषधांसाठी सल्ल्याची वेगळी खिडकी हवी, फार्मासिस्टची रिकामी पदे भरायला हवीत, आणि गरिबांच्या विम्यातही ही सेवा धरायला हवी. शाखांनी तसे ठराव करून पाठवावेत.