मत द्या, आणि मागच्या बाकांवर बसा

सिम्फनी हॉलमध्ये कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एक मिनिट असं येतं, की केवळ त्यासाठी मी लवकर जाऊन बसतो. मंचावर सत्तरेक माणसं आपापलं काहीतरी वाजवत असतात. मंगल कार्यालयात पंगत बसायच्या आधी असतो ना, तसा गलका. मग एकदम शांतता. मधल्या रांगेतला ओबोवाला एकच लांब सूर धरतो आणि बाकीचे सगळे त्याला आपापलं वाद्य मिळवून घेतात. तंबोरे जुळून आले की आपण नकळत ताठ बसतो, तसंच इथेही होतं. एरवी मला या संगीतातलं फार कळतं असं नाही. टाळ्या कधी वाजवायच्या, हे मी अजूनही शेजारच्याकडे बघून ठरवतो.

मंडळी, त्या सुराचे पैसे कोण देतं, याबद्दल आज लिहायचं आहे. बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांचा त्याच्याशी वाटतो त्याहून जास्त संबंध आहे.

सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्रा (सीबीएसओ) या नावातलं 'सिटी' शोभेसाठी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात नेव्हिल चेंबरलेन इथले लॉर्ड मेयर होते. हो, तेच, म्युनिक करारवाले. शाळेच्या इतिहासात आपण त्यांना नापास करून टाकलेलं असतं, पण शहराला स्वतःचा वाद्यवृंद हवा आणि तो शहराच्या करातून चालावा, हा आग्रह त्यांनी धरला होता. १९२० साली तो उभा राहिला. महापालिकेने वर्षाला १,२५० पौंड द्यायचं ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात संगीतकार एल्गार स्वतः संचालन करायला आले. पुढे १९६२ मध्ये शेजारच्या कॉव्हेंट्रीत, दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने बांधलेल्या कॅथीड्रलमध्ये, संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं 'वॉर रिक्विएम' पहिल्यांदा वाजलं ते याच वादकांच्या हातून. सायमन रॅटल १९८० मध्ये संचालक म्हणून आले आणि अठरा वर्षं राहिले. १९९१ मध्ये सिम्फनी हॉल बांधून झाला. शंभर वर्षांत शहराने पेरलं ते असं उगवत गेलं.

आणि मग सप्टेंबर २०२३. काउन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, पैशांपुढे हात वर केले. स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची थकबाकी, फसलेली संगणक प्रणाली, वरून वर्षानुवर्षं आटत आलेला सरकारी निधी. पुढचं आपल्या सगळ्यांच्या घरी पत्राने आलं: काउन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वर. त्याच अर्थसंकल्पात कलासंस्थांचं अनुदान २०२४-२५ साठी निम्मं आणि २०२५-२६ साठी शून्य झालं. करातूनच जन्मलेल्या वाद्यवृंदाला त्या वर्षी शहराकडून एक पेनीही नाही.

यावर आपल्यातले बरेच जण काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण गणपतीच्या जेवणात मी ते ऐकलं आहे. "कचरा उचलायला पैसे नाहीत आणि व्हायोलिनवाल्यांना कुठून द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. म्हाताऱ्या माणसांची देखभाल की सिम्फनी, असं खरंच निवडायची वेळ आली तर मीही देखभालच निवडेन. पण ती वेळ आलेली नव्हती. काउन्सिलला दोन वर्षांत सुमारे ३० कोटी पौंड वाचवायचे होते. त्या खड्ड्यात वाद्यवृंदाचं अनुदान म्हणजे चिमूटभर माती. ती टाकून खड्डा बुजला नाही.

"चांगलं असेल तर तिकिटांवर चालेल," हे दुसरं उत्तर. इथे जरा थांबूया, कारण गोम इथेच आहे. बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी १८०८ मध्ये पहिल्यांदा वाजली. तिला तेव्हा जितके हात लागले आणि जेवढा अर्धा तास लागला, तेवढंच आजही लागतं. गिरणीत यंत्र आलं की चार माणसांचं काम एक करतो, माल स्वस्त होतो. वाद्यवृंदात दहा व्हायोलिनं कमी करून 'कार्यक्षमता' वाढवता येत नाही. पगार मात्र बाकी जगाबरोबर वाढवावेच लागतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच हे नीट मांडून ठेवलं आहे. म्हणजे दर वर्षी तूट थोडी रुंदावणार, मग व्यवस्थापक कितीही हुशार असो. ती फक्त तिकिटातून भरायची तर तिकीट इतकं चढेल, की हॉलमध्ये गडगंज श्रीमंतच तेवढे दिसतील.

आणि हे आपल्याला परकं का वाटावं? पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये महापालिकेनेच बांधलं. तिथे बाल्कनीत बसून पाहिलेल्या नाटकाच्या तिकिटात नाट्यगृहाचा सगळा खर्च धरला असता, तर माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना दारातूनच परत आणलं असतं. तेव्हा पुण्यातल्या कुठल्या तरी करदात्याने, कदाचित नाटक कधीच न बघणाऱ्याने, आमचा वाटा भरला होता. इथे ती पाळी आपली आहे.

नुसत्या हॉलपुरतंही हे नाही. वेस्ट ब्रॉमिचमध्ये २०२३ पासून शायरलँड सीबीएसओ अकॅडमी सुरू आहे. सरकारी शाळा, फी नाही, आणि वाद्यवृंद तिचा भागीदार. ट्यूशनला तासाला पैसे मोजणाऱ्या पालकांनी एकदा चौकशी करावी.

आता करायचं काय? देणगीची पावती फाडायला मी आलेलो नाही. एकदा जाऊन तर या. वादकांच्या मागे कॉयरसाठीच्या, म्हणजे गायकवृंदासाठीच्या, जागा असतात. कॉयर नसेल त्या दिवशी त्या मिळतात का ते विचारा आणि मुलांना घेऊन तिथेच बसा. संचालकाची पाठ नाही, चेहरा दिसतो. टिंपनीवाला वाजवायच्या आधी वाद्यावर कान टेकवून सूर तपासतो, तेही दिसतं. माझा मुलगा अख्खा कार्यक्रम त्याच्याचकडे बघत होता.

दुसरं, काउन्सिल दर वर्षी अर्थसंकल्पावर लोकांची मतं मागवतं. तिथे चार ओळी लिहा: परिस्थिती सुधारेल तेव्हा हे अनुदान परत आणा, थोडं का होईना, पण दर वर्षी. आपल्या वॉर्डाच्या काउन्सिलरला भेटा. त्यांच्या भेटीच्या वेळेला इथे 'सर्जरी' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बिचारा आजारी आहे.

आणि शेवटचं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. व्हिसावर आलेला, भारतीय पासपोर्ट असलेला माणूसही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून इथल्या निवडणुकीत मत देऊ शकतो. त्यासाठी ब्रिटिश व्हायची वाट बघावी लागत नाही. आपल्या मंडळातले कितीतरी जण वर्षानुवर्षं कर भरतात, पण मतदार यादीत नाहीत. नाव ऑनलाइन घालता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर तेवढा हाताशी घेऊन बसा.