कूलर फेल झाला की आभाळाकडे बघा

एप्रिल-मेमध्ये खाप्यात कुणालाही विचारा, किती तापलंय? आकडा तोंडपाठ असतो. ४३, ४४, ४५. आम्ही बातमीदारही (शिकाऊ का होईना) तोच मथळ्यात टाकतो. पण वादळ येणार का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी तुमच्या खिडकीतला कूलर बघा.

कूलरच्या ताट्यांवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेतं, ग्रॅममागे साधारण ५८० कॅलरी. ही उष्णता नाहीशी होत नाही, वाफेत दडून बसते. थर्मामीटरला दिसत नाही, म्हणून सुप्त उष्णता. शाळेत होती, आठवलं?

हवा कोरडी असली की कूलर मस्त चालतो. मग एखाद्या दिवशी तोच नुसती चिपचिप करतो. म्हणजे बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प इथवर पोहोचलंय. वादळाचं इंधन ते हेच.

दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर जाते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते आणि लवकरच थबकते. दमट हवेत मात्र ढग बनू लागला, की वाफेचं पाणी होतं आणि दडलेली उष्णता बाहेर पडते. म्हणून ती किलोमीटरमागे ५-६ अंशच थंड होते. आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी, म्हणून आणखी वर. असा ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. वर पाणी गोठताना ग्रॅममागे आणखी ८० कॅलरी सुटतात. गार बनताना उष्णता बाहेर पडते, ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

ताकद किती? एका चौरस किलोमीटरवर फक्त १ मिमी पाऊस म्हणजे १,००० टन पाणी. ते बनताना सुटलेली उष्णता सुमारे ७ लाख युनिट विजेएवढी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला. गुणाकार तुम्हीच करा. आणि हवा १ अंशाने तापली, की तिच्यात जवळपास ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हेही त्यात धरा.

सावनेर-काटोलच्या संत्रा पट्ट्यात हा हिशोब थेट खिशाशी येतो. फेब्रुवारी-मार्च हा मृग बहाराची फळं झाडावर आणि आंबिया बहार फुलण्याचा काळ. २०१४ मध्ये नेमकी तेव्हाच राज्यभर गारपीट झाली. अशा वेळी एका फटक्यात दोन बहार जातात.

म्हणून नुसतं कमाल तापमान छापणं मला अपुरं वाटतं. शेजारी आर्द्रताही ठळक हवी. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र रडार बघून दोन-तीन तास आधी इशारा देतं, पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप विजेबद्दल सांगतं. तेवढ्या वेळात बाग तोडून होत नाही. झाडाखाली बांधलेले बैल सोडून माणसांना पक्क्या घरात मात्र येता येतं.