काखेत कळसा, गच्चीवर टॉवर

सोसायटीच्या वार्षिक सभेत पाणीपट्टीपेक्षा मोठे भांडण कशावरून होत असेल, तर ते मोबाइलच्या टॉवरवरून. आमच्या समोरच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला आणि घराघरांतून डोकेदुखीच्या, झोप न येण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कुणाची डोकेदुखी मी खोटी म्हणणार नाही. पण दोन तासांच्या सभेत एकालाही विचारावेसे वाटले नाही की, आपल्या घरात या रेडिओलहरी येतात तरी किती, आणि येतात कुठून?

ताप आहे की नाही हे आपण थर्मामीटर लावून ठरवतो. इथे मात्र आधी घाबरायचे, मग फोनला चिकटवायचे ‘रेडिएशनरोधक’ स्टिकर विकत घ्यायचे, आणि मोजायचे कधीच नाही, असा प्रघात पडला आहे. म्हणून मी एका स्नेह्यांकडून मीटर मागून आणला. त्यांनी आधीच बजावले, की या नावाने विकली जाणारी कित्येक यंत्रे पंख्या-मिक्सरच्या वायरीभोवतीचे ५० हर्ट्‌झचे क्षेत्र मोजतात. ते प्रकरण निराळे.

आकड्यांचाही असाच घोळ. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींना ती चौरस मीटरला ०.४५ वॅट ठरली. घरगुती मीटर बहुधा मायक्रोवॅटमध्ये बोलतात, आणि ०.४५ वॅट म्हणजे साडेचार लाख मायक्रोवॅट! काही मीटरांवर हजाराच्या आसपासच तांबडा दिवा लागतो आणि घरच्यांचे धाबे दणाणते.

तर मीटर हातात धरून, सावकाश वळत वळत घर पालथे घातले. टॉवरकडच्या खिडकीत आकडा वाढला, आतल्या खोलीत भिंतींआड उतरला. टॉवरचा झोत आडव्या धरलेल्या बॅटरीसारखा पुढे जातो. त्यामुळे बरोबर खाली राहणाऱ्यापेक्षा समोर, तितक्याच उंचीवर राहणाऱ्याच्या वाट्याला तो अधिक येतो. मग एकेक उपकरण बंद करून पाहिले. पलंगाच्या उशालगतच्या वायफायच्या डबीशी आकडा उसळला, चार पावले मागे सरताच कोसळला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते, हे शाळेत पाठ केलेले गणित डोळ्यांनी पाहिले. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना दाराशी मीटर हलला, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ नाही.

सर्वांत मोठी उडी मात्र आमच्याच फोनने घेतली, तीही मागच्या खोलीत, जिथे सिग्नलची जेमतेम एक कांडी असते. गंमत अशी की टॉवर दूर किंवा आडोशाला असला, की फोनला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त ताकद लावावी लागते. टॉवर हटवा म्हणणारे आपल्याच कानाशी धरलेल्या फोनला ओरडायला लावत असतात! इतक्या जवळून घेतलेला मीटरचा आकडा काटेकोर नसतो, हे खरे. म्हणूनच फोनची मर्यादा वेगळ्या मापाने, शरीराच्या एका ग्रॅम उतीत शोषली जाणारी ऊर्जा धरून, किलोला १.६ वॅट अशी ठरवलेली आहे.

याचा अर्थ टॉवरवाल्यांना मोकळे रान द्यावे असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले. पुरावा मर्यादित, पण शंका फेटाळलेली नाही. तेव्हा सावधगिरी हवीच, पण ती जिथे माप जास्त आहे तिथे आधी. इयरफोन लावून बोलणे, वायफाय उशापासून दूर नेणे, लिफ्टमध्ये गप्पा न मारणे, याला दमडी लागत नाही.

आणि टॉवरचे भाडे खिशात घालणाऱ्या सोसायटीने मोजणीचा कागद सूचनाफलकावर लावलाच पाहिजे, शेजारच्या इमारतीलाही दिला पाहिजे. दूरसंचार खात्याने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ सुरू केले, तेव्हा ४ हजार रुपये भरून आपल्या जागी मोजणी मागवण्याची सोय केली होती. पंचवीस बिऱ्हाडांत ते घरटी १६० रुपये होतात. आमच्या सभेत हा हिशेब मांडला, तर सगळ्यांत मोठ्याने ओरडणारे काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी ते मीटर मागायला घरी आले, आणि जाताना विचारून गेले, “गजराचे जुने घड्याळ आहे का हो तुमच्याकडे? मी फोन उशीखाली ठेवून झोपतो.”