ध्वज अर्ध्यावर कुणासाठी?

एखादा मोठा नेता गेला की कॉलेजच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘उद्या सुट्टी आहे का रे?’ राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणायचा की नाही, हे ठरवतं कोण, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही.

प्राचार्य ठरवत नाहीत, कुलगुरू नाहीत, आपल्या मनाने जिल्हाधिकारीही नाहीत. २००२ च्या भारतीय ध्वज संहितेत यादीच दिली आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधानांचं निधन झालं तर देशभर. राज्यपाल किंवा मुख्यमंत्र्यांचं झालं तर त्या राज्यात. केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यांचं झालं तर दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत. यादीबाहेरच्यांसाठी केंद्र किंवा राज्य सरकारने दुखवटा जाहीर करावा लागतो. आदेश नसताना ध्वज अर्ध्यावर आणला, तर १९७१ च्या कायद्याने तो ध्वजाचा अवमान ठरतो.

नियम किती काटेकोर आहेत, याचं उदाहरण आपल्याच भागातलं. विलासराव देशमुख गेले १४ ऑगस्ट २०१२ ला. बाभळगावात अंत्यसंस्कार झाले १५ ऑगस्टला. संहिता सांगते, स्वातंत्र्यदिनी ध्वज पूर्ण उंचीवरच हवा. अपवाद फक्त पार्थिव ठेवलेल्या इमारतीचा, तोही पार्थिव हलेपर्यंतच.

हा अधिकार सरकारकडेच राहावा, असं माझं मत. नाहीतर जो तो आपापल्या साहेबांसाठी दोरी ओढेल आणि देशाचा झेंडा गटातटाचा होईल.

पण अधिकार आहे, तर तो वापरला कुणासाठी जातो, हे विचारायला काय हरकत आहे? २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्यासाठी देशभर दोन दिवस दुखवटा पाळला गेला. २०२४ मध्ये रतन टाटा यांच्यासाठी महाराष्ट्रात एक दिवस. दोन्ही योग्यच. म्हणजे यादीच्या बाहेर जाता येतं!

मग विष्णुपुरीचं काय? २०२३ च्या सप्टेंबरअखेर इथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. बातमी सगळीकडे पोचली २ ऑक्टोबरला. त्या दिवशी गांधी जयंती, म्हणजे नियम आडवा आला असता, मान्य. पण ३ तारीख होती, ४ तारीख होती. दुखवटा काही जाहीर झाला नाही.

कुणी म्हणेल, सामान्य माणसांसाठी अशी पद्धतच नाही. आहे की! जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या, तेव्हा केरळ सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर करून ध्वज अर्ध्यावर आणला. दरड निसर्गाची असते, रुग्णालय सरकारचं असतं. तिथे ध्वज उतरवला तर प्रश्न आपल्यावरच येणार, अशी अडचण असेल. पण मग दुखवटा मेलेल्यांसाठी असतो की सरकारच्या सोयीसाठी?

ध्वज अर्ध्यावर आणल्याने औषधं येत नाहीत, रिकाम्या जागा भरत नाहीत. पण ‘ही आमची माणसं होती’, एवढं तरी सरकार बोलून जातं.

विद्यापीठ, इंजिनिअरिंग, मेडिकल, तिन्ही विष्णुपुरीतच आहेत. तेव्हा मित्रांनो, ध्वजाच्या दोरीला हात लावू नका, निवेदन लिहा. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मुख्यमंत्र्यांना विचारा: मोठ्या दुर्घटनेत दुखवटा कधी जाहीर करायचा, याचे लेखी निकष कधी ठरवताय?